वस्तीची एसटी गेल्यावरची तीन मिनिटं: हॉरर फिल्मची सुरुवात कॅमेरा आणि आवाजाने कशी बांधायची

गणपतीला चाकरमानी गावात आले की एकतरी पोरगं हमखास घरी येतं, दादा आम्हाला भुताची शॉर्टफिल्म करायचीय, फोन चांगला आहे, ट्रायपॉड आहे, सुरुवात कशी करू सांगा. स्क्रिप्ट उघडली की पहिल्याच ओळीत पांढरी साडी, मोकळे केस, वीज कडाडते. मी सगळ्यांना तेच सांगतो आणि तेच आज इथे पायरीपायरीने लिहितोय, की पहिल्या तीन मिनिटांचं काम भूत दाखवायचं नाहीच, बघणाऱ्याचे कान टवकारायचं आहे. एकदा माणूस लक्ष देऊन ऐकायला लागला की भूत तो स्वतःच मनात उभं करतो, आणि ते आपल्या मेकअपपेक्षा कितीतरी भयंकर असतं.

हे मला आमच्या पहिल्या फिल्ममुळे कळलं. त्यात विसाव्या सेकंदाला भूत आलं. देवळासमोर पडद्यावर लावली, लोक एकदा दचकले आणि मग निवांत गप्पा मारत बसले, कारण ज्याला घाबरायचं होतं ते तर बघून झालेलं, उरलेली ११ मिनिटं कशाला घाबरणार. मला खूप वाईट वाटलं होतं त्या रात्री. दुसऱ्या दिवशी खाडीकाठी एकटी राहणाऱ्या माझ्या आतेला विचारलं, आते तुला रात्रीची भीती नेमकी कधी वाटते गो. ती म्हणाली, "किडे एकदम गप झाले काय. मगे समाजता, कोणतरी येता हा." अंधार नाही, भूत नाही, किडे गप होणं! आणि ते खरंच आहे, रातकिड्यांना जमिनीची थरथर कळते, पावलं जवळ आली की ते ओरडायचे थांबतात. म्हणजे नवा आवाज सुरू झाला म्हणून भीती वाटते हे अर्धंच, चालू असलेला आवाज थांबला की जास्त वाटते. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

पायरी १: कॅमेरा घरी ठेवा आणि जागा ऐकून या

जिथे शूट करणार तिथे त्याच वेळेला जा, टॉर्च बंद करा आणि २० मिनिटं नुसतं बसा. वही न्या. काय काय ऐकू येतं ते लिहा, सगळं. आमच्या देवगड-मालवण पट्ट्यात ऑक्टोबरच्या रात्री बसलात तर लांबून समुद्राची गाज, रातकिडे, सुरूच्या बनातला तो सुं सुं आवाज, मधेच पिंगळा, माडाचं सुकलेलं झावळ धप्पकन पडतं तेव्हा तर रोज ऐकणारा माणूससुद्धा दचकतो. पावसाळ्यात बसलात तर बेडूक आणि कौलांवरून पडणाऱ्या पागोळ्या, बाकी काही ऐकूच येत नाही, तो सुद्धा एक प्रकारचा बंदिस्तपणाच आहे.

मग त्या यादीचे तीन भाग करा. सतत चालू असतात ते आवाज, मधूनमधून येतात ते, आणि तिसरा म्हणजे त्या वेळेला येऊच नये असा एक आवाज. माझ्याकडे तो होता विहिरीच्या रहाटाचा. रहाटाची कुरकुर दिवसा कोणाच्या लक्षातही येत नाही, पण रात्री साडेनऊला पाणी कोण शेंदतंय? बस, गोष्ट इथेच सुरू झाली. आता बहुतेक विहिरींवर पंप बसलेत, त्यामुळे चालू रहाट शोधायला मला तीन वाड्या फिरायला लागल्या, पण तुमचा आवाज वेगळा असू शकतो, बंद पडलेल्या मांगरातली (गोठ्यातली) गुरांची घंटा, उखळातलं कांडण, काहीही. अट एवढीच की तो आवाज गावातल्या माणसाच्या ओळखीचा हवा आणि वेळ चुकीची हवी. अनोळखी गुरगुराट कोणालाही सापडतो इंटरनेटवर, त्याने कोणी घाबरत नाही.

अजून एक, समुद्राजवळ दोन रात्री शूट करणार असाल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. भरती दररोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, त्यामुळे काल रात्री ९ ला जी गाज होती ती आज ९ ला तशी नसणार, आणि खाडीच्या कडेचं पाणी पण दुसऱ्याच जागी दिसेल, एडिटला बसल्यावर हे कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

पायरी २: तीन मिनिटांचा नकाशा कागदावर

मी माझंच उदाहरण घेतो म्हणजे समजेल. एक माणूस तालुक्याहून वस्तीच्या एसटीने, म्हणजे रात्री गावातच मुक्कामाला थांबणाऱ्या शेवटच्या गाडीने येतो, वाटेतल्या स्टॉपवर एकटाच उतरतो, पाणंदीतून घरी चालत जातो. संवाद शून्य.

पहिली ४० सेकंद एसटीची. इंजिनचा घर्रघर्र आवाज, दार आपटतं, कंडक्टरची डबल बेल, गाडी घाटीच्या वळणाआड जाते. इथे एक करा, लाल दिवे दिसेनासे झाले तरी इंजिनचा आवाज अजून पंधरा-वीस सेकंद चालू ठेवा आणि हळूहळू विरू द्या, कारण गावात असंच होतं, गाडी दिसत नाही पण लांब चढणीला ऐकू येत राहते, आणि ती पूर्ण विरली की मग कळतं आपण किती एकटे आहोत ते. बघणाऱ्याला पण तेव्हाच कळायला हवं.

नंतरचं मिनिटभर नुसतं चालणं. चप्पल, हातातली बाजाराची पिशवी, रातकिडे. इथे काही घडवू नका. नवीन मुलं इथेच घाबरतात की बोअर होईल, आणि मधे मांजर उडवतात. नको. हे मिनिट म्हणजे बघणाऱ्याला या रात्रीची सवय लावायची आहे, सवय लागली नाही तर मोडणार काय?

मग रहाट एकदाच कुरकुरतो. माणूस थांबतो, रहाटही थांबतो. तो चालतो. परत कुरकुर, यावेळी जरा लांब, आणि खाली कळशी पाण्याला लागल्याचा डुबुक आवाज. आणि शेवटच्या २० सेकंदात रातकिडे गप्प. बस एवढंच.

आपल्याकडे ज्याने दशावतार रात्रभर जागून बघितलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. राक्षस समोर यायच्या आधी आतून त्याची आरोळी येते, पखवाज आणि झांज चढत जाते, आणि पुढे बसलेली लहान पोरं तेव्हाच आईच्या कुशीत शिरतात, तो दिसायच्या आधीच!

पायरी ३: कॅमेरा कुठे ठेवायचा, आणि बघतंय कोण

प्रत्येक शॉटच्या आधी स्वतःला विचारा, हे कोण बघतंय? बाजूला उभा असलेला साधा कॅमेरा, का तो माणूस, का अजून कोणीतरी जो आपल्याला माहीत नाही. हॉररच्या सुरुवातीची अर्धी ताकद या तिसऱ्या उत्तरात आहे.

१९७८ च्या 'हॅलोवीन'ची सुरुवात बघा, जॉन कार्पेंटरची. चार-एक मिनिटं आपण कोणाच्या तरी डोळ्यातून बघतोय, घराबाहेरून खिडकीत डोकावतो, मागच्या दाराने आत शिरतो, सुरी उचलतो, मुखवटा घातल्यावर तर फक्त डोळ्यांच्या दोन भोकांमधून दिसतं. एकच सलग शॉट वाटतो, कट आहेत पण लपवलेले. आणि मुखवटा काढल्यावर दिसतं सहा वर्षांचं पोर. कॅमेऱ्याने आपल्याला खुन्याच्या जागी उभं केलं आणि आपल्याला सांगितलंच नाही. त्या पिक्चरचं संगीतही कार्पेंटरनेच केलं, पाच मात्रांच्या ठेक्यात, जो ठेका त्याच्या वडिलांनी लहानपणी बोंगोवर शिकवला होता. भजनाच्या आठ मात्रांना सरावलेल्या आपल्या कानाला तो ठेका सारखा एक पाऊल आधीच वळल्यासारखा वाटतो, म्हणून अस्वस्थ व्हायला होतं.

तर माझ्या नकाशात मी काय केलं, एसटीचा शॉट रस्त्याच्या पलीकडून, साधा, स्थिर. पाणंदीत चालतानाचे पहिले दोन शॉट पण साधे. तिसरा शॉट गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) पलीकडून, जांभ्याच्या दोन चिऱ्यांमधल्या फटीतून, माणूस डावीकडून उजवीकडे जातो आणि कॅमेरा त्याच्या मागे किंचित वळतो. फक्त किंचित. त्या वळण्यामुळे कॅमेऱ्याला जीव आला, आता तिथे कोणीतरी आहे. हाच शॉट जर सुरुवातीलाच घेतला असता तर लोकांना वाटलं असतं की स्टाईल आहे. आधी साधे शॉट दिले म्हणून तो वेगळा कळला.

धावता शॉट हवा असेल आणि गिंबल (कॅमेरा हलू न देणारा दांडा) नसेल तर रडत बसू नका. १९८१ च्या 'ईव्हिल डेड'मध्ये सॅम रायमीच्या टीमने कॅमेरा एका लाकडी फळीच्या मधोमध बसवला आणि दोन माणसं दोन टोकं धरून पळाली, फळी लांब असल्यामुळे धक्के मधे येईपर्यंत कमी होतात. आम्ही पोफळीची लांब रीप वापरली, फोन मधे घट्ट बांधला, जमिनीपासून वीतभर उंचीवर. माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून कॅमेरा खाली आला की बघणारा आपोआप विचारतो हे काय आहे, कुत्रा नाही, माणूस नाही, मग काय?

खाडीकाठी शूट करणाऱ्यांनी उंचीचा हाच विचार 'जॉज'मध्ये बघावा, १९७५ चा. सुरुवातीला मुलगी रात्री पोहायला जाते आणि कॅमेरा एकतर पाण्याच्या पातळीला असतो किंवा खालून वर बघतो. शार्क त्या सगळ्या सीनमध्ये दिसतच नाही, मुलीला दोऱ्यांनी दोन्ही बाजूंना ओढलं होतं, एवढंच. जॉन विल्यम्सचं संगीत म्हणजे शेजारशेजारचे दोन स्वर, ते जवळ येतात, वेग वाढतो. आणि सगळं झाल्यावर समुद्र एकदम शांत, किनाऱ्यावर तिचा मित्र झोपेत. मला त्या सीनमधलं सगळ्यात भीतीदायक तेच वाटतं, ती शांतता. (होडीतून असा शॉट घेताना बरोबर पट्टीचा पोहणारा आणि लाईफ जॅकेट पाहिजेच, आणि ओहोटीच्या ओढीत रात्री उतरायचंच नाही, यावर मी वाद घालत नाही.)

भीती दिवसासुद्धा चालते. 'द शायनिंग', १९८०, सुरुवातीला अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या डोंगरांमधून एक पिवळी गाडी चाललीय आणि हेलिकॉप्टरमधून कॅमेरा तिच्या मागे आहे, लख्ख उजेड, सुंदर निसर्ग, वेंडी कार्लोस आणि रेचल एल्काइंड यांनी सिंथेसायझरवर वाजवलेली जुन्या चर्चमधली मृत्यूची धून, आणि एवढ्या मोठ्या डोंगरात ती गाडी मुंगीएवढी. आपल्याकडे सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळाच्या पठारावर उभं राहा, खाली वळणावळणाचा रस्ता, त्यावर एकच रिक्षा. ड्रोन नाही लागत. सड्याच्या कडेला फोन लावा, रिक्षा फ्रेमभर फिरू दे आणि कट करू नका.

आणि रिकामी जागा. माणूस फ्रेमच्या एका कडेला ठेवा आणि बाकी दोन तृतीयांश फ्रेम काळोख्या पाणंदीला द्या. बघणारा माणसाकडे बघतच नाही, त्या काळोखात शोधत राहतो. तिथे काहीही ठेवू नका. पहिल्या तीन मिनिटांत तरी नाहीच.

फोनच्या सेटिंगबद्दल पटकन: सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे, नाहीतर ट्यूबलाईट आणि स्वस्त एलईडी फडफडताना दिसतात. एक्स्पोजर (उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) लॉक, नाहीतर टॉर्च हलली की सगळी फ्रेम श्वास घेतल्यासारखी उजळते-काळवंडते. आणि मध्यरात्री चंद्राच्या भरवशावर शूट करू नका, फोनमध्ये नुसते दाणे येतात. तिन्हीसांजेला सूर्य बुडाल्यावरची वीसेक मिनिटं सोनं आहेत, आभाळ गडद निळं असतं, माडांच्या आकृत्या दिसतात, एक्स्पोजर थोडं खाली ओढलं की रात्र. मोठे वाइड शॉट सगळे त्या वेळात उरका, क्लोजअप नंतर टॉर्चवर घ्या.

पायरी ४: आवाज वेगळा गोळा करा

शूटच्या वेळी फोनमध्ये आलेला आवाज फक्त खुणेसाठी समजा. किनाऱ्याचा वारा फोनच्या माईकला नुसता फडफडाट करतो आणि तो नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने नीट जात नाही, आमची एक पूर्ण रात्र यात गेलीय. दुसरा फोन किंवा साधा रेकॉर्डर घ्या, माईकवर केसाळ कव्हर लावा, नसेल तर जाड फोम आणि त्यावर लोकरीचा मोजा, बऱ्यापैकी काम होतं. आणि गडग्याच्या आडोशाला बसून रेकॉर्ड करा.

गाज खूप येतेय अशी सगळ्यांची तक्रार. माईक जवळ न्या, दुसरा उपाय नाही. माईक निम्म्या अंतरावर आणला की तुम्हाला हवा तो आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, समुद्र मात्र होता तेवढाच राहतो. रहाट मी वीतभर अंतरावरून रेकॉर्ड केला, नंतर परत २० पावलांवरून. दोन्ही लागतात, जवळचा कुरकुरतो, लांबच्यात विहिरीचा घुमारा येतो. सगळ्यात मोठा आवाज रेकॉर्डरच्या लेव्हल मीटरवर -१२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा.

बाकी छोटे आवाज घरात, पंखा आणि फ्रिज बंद करून. जांभ्यावर चप्पल, सुकलेल्या पातेऱ्यावर अनवाणी पाऊल, नारळाचं सोडण सोलतानाचा आवाज हा काहीतरी फाटतंय यासाठी इतका छान लागतो की मी तो तीन वेळा वापरलाय. आणि शूटच्या जागेवर सगळ्यांना गप्प करून नुसती रात्र दोन-तीन मिनिटं रेकॉर्ड करा, एकदा रातकिडे जोरात असताना, आणि एकदा त्यांच्यात चालत जाऊन ते गप्प झाल्यावर. दुसरं रेकॉर्डिंग म्हणजे तुमचा खजिना.

पायरी ५: एडिटमध्ये आवाज काढून घ्या

सगळे तुम्हाला सांगतील खालचा घुमणारा बास टाका. टाका, पण एक लक्षात ठेवा, गावातली निम्मी माणसं फिल्म फोनच्या स्पीकरवर बघणार आणि तो एवढासा स्पीकर शंभर-दीडशे हर्ट्झच्या खालचं जवळपास काहीच वाजवत नाही. तुम्ही हेडफोन लावून दोन दिवस घासलेला बास त्यांच्यासाठी नसतोच. रहाटाची कुरकुर, चप्पल, किडे हे सगळं मात्र फोनवर स्पष्ट येतं. म्हणून ताण त्यांच्यावर बांधा आणि बास थिएटरवाल्यांसाठी वरचा साज समजा.

आता मुख्य. रातकिड्यांचा ट्रॅक सुरुवातीपासून चालू आहे, दीड मिनिटाने बघणारा तो ऐकायचा बंद झालेला असतो, मेंदू असाच आहे. मग शेवटच्या टप्प्याआधी ३० सेकंदांत तो हळूहळू दोन-तीन डेसिबल वाढवा, कोणाला कळणार नाही, फक्त जरा कोंडल्यासारखं वाटेल. आणि मग कट. फेड (हळूहळू विरवणं) नाही, कट. पण ट्रॅक पूर्ण रिकामा ठेवायचा नाही हं, पूर्ण रिकामा झाला की लोक फोन हलवून बघतात, बिघडला का म्हणून. तिथे ते गप्प रात्रीचं रेकॉर्डिंग येऊ द्या, लांबची गाज, कपड्यांची सळसळ, माणसाचा श्वास.

१९४२ च्या 'कॅट पीपल'मध्ये हेच आहे. रात्री एक बाई रस्त्याने चाललीय, मागे दुसऱ्या बाईच्या टाचांचा आवाज, टक टक टक, आणि मागचा आवाज थांबतो. ती बाई जास्त घाबरते, आपणही. मग फिस्सकन एक आवाज येतो आणि फ्रेममध्ये घुसते बस! हॉलीवूडमध्ये अशा दचकवण्याला नंतर 'बस' असंच नाव पडलं. दचकवायला माझी ना नाही, पण सुरुवातीच्या तीन मिनिटांत एकापेक्षा जास्त नको, आणि तो टाचा थांबल्यावरच, त्याआधी नाही.

एक छोटी युक्ती, पुढच्या शॉटचा आवाज आधीच्या शॉटमध्ये दोन सेकंद आधी आणा. माणसाच्या चेहऱ्यावर असतानाच रहाट ऐकू येऊ दे, विहीर नंतर दाखवा. आणि दाखवाल तेव्हा रहाट स्थिर असू दे, दोर मात्र हलताना.

पायरी ६: दोन वेळा तपासा

आधी फोन उलटा ठेवून फक्त आवाज ऐकवा, शेजारच्या काकूंना, लहान भावाला, ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांना. कुठे श्वास रोखला, कुठे चुळबुळ केली ते बघा. चित्र नसताना रहाटाच्या दुसऱ्या कुरकुरीला ते गप्प झाले नाहीत तर तुमचं एसटीनंतरचं मिनिट अजून छोटं आहे, वाढवा. मग आवाज बंद करून चित्र दाखवा. गडग्याच्या फटीतला शॉट आल्यावर कोणी "हे कोण बघतंय" विचारलं की समजा कॅमेरा बसला.

शूटच्या आधीची एक गोष्ट राहिली, देवराईत किंवा देवळाच्या आवारात करणार असाल तर आधी मानकऱ्यांना विचारा, नारळ ठेवा, गाऱ्हाणं घाला. आणि देवचाराला भूत म्हणून दाखवू नका, तो आपल्याकडे राखणदार आहे, त्याच्या नावाने आया पोरांना धीर देतात. मला विचाराल तर सुरुवातीला कुठलंच नाव देऊ नका, हडळ नाही, गिरा नाही, मुंजा नाही. नाव दिलं की लोकांना नियम आठवतात, कुठे असतो, कशाला घाबरतो, आणि ते सुटकेचा रस्ता शोधायला लागतात.

फिल्मचं नाव कुठे टाकायचं, तर किडे गप्प झाल्यावर चार सेकंद थांबून, काळ्या पडद्यावर, संगीत न वाजवता. आणि लगेच पुढचा शॉट सकाळचा. कोंबडा, कावळे, लांब कुठेतरी रेडिओ, सगळं नेहमीचं, आणि विहिरीच्या कठड्यावर काठोकाठ भरलेली कळशी. ती पाच सेकंद धरा.